गुडघ्याची झीज आणि व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघे दुखतात म्हणून येणाऱ्या माणसांकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. येणाऱ्याच्या हातात एक्सरेचा मोठा लखोटा असतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं गुडघ्याबद्दल आहेत. खुब्याला यातलं बरंचसं लागू पडतं, बोटांच्या सांध्यांना कमी.

डॉक्टर म्हणाले, ‘गॅप कमी झालाय’. म्हणजे नेमकं काय झालं?

एक्सरेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी नसते. दोन्ही हाडांच्या टोकांना कूर्चेचं अस्तर असतं आणि मध्ये मेनिस्कस नावाच्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. अस्तर पातळ झालं किंवा गादी जागची सरकली की हाडं जवळ येतात, फट अरुंद दिसते. ‘ग्रीस संपलं’, ‘रबर गेलं’ असं लोक म्हणतात ते यालाच. एक्सरे मात्र उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या फोटोत पायावर वजन नसतं, त्यामुळे फट आहे त्याहून मोठी दिसू शकते.

हे अस्तर साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असतं, वाटीच्या मागे त्याहून जाड. त्याच्या वजनातलं जवळजवळ ७० टक्के पाणीच. कोलॅजेनच्या धाग्यांचं जाळं, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू आणि विरळ विखुरलेल्या पेशी, एवढाच त्याचा संसार. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आवरण, आजूबाजूचे स्नायू आणि बंध.

‘झीज’ हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण तो आता बदलणार नाही. चप्पल झिजते म्हणून ती कमी वापरली की जास्त टिकते. गुडघ्यालाही लोक हाच हिशेब लावतात आणि घरात बसून राहतात. सांधा जिवंत आहे. त्यात मोडतोड चालते तशी डागडुजीही चालते, आणि डागडुजी मागे पडली की आजार पुढे सरकतो. त्यात आवरण सुजतं, हाडाच्या कडेला टोकं वाढतात, मांडीचे स्नायू बारीक होतात. एकट्या कूर्चेचं हे दुखणं नव्हे.

यालाच संधिवात म्हणतात का?

बोलण्यात हो, पण घोळ इथेच होतो. वयाबरोबर येणारा हा सांध्यांचा आजार, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, वेगळा. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथेही आमवातापेक्षा ऑस्टिओआर्थ्रायटिसचे रुग्ण कितीतरी पटींनी जास्त निघाले. ढोबळ खूण सांगायची तर सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील तर हा आजार असण्याची शक्यता जास्त. बोटं, मनगटं सुजून तास-तासभर आखडलेली राहत असतील तर आधी रक्त तपासून घ्या. आमवाताला औषधं लागतात, नुसत्या व्यायामाने तो आवरत नाही.

कूर्चेला रक्तच मिळत नाही, मग ती जगते कशावर?

सांध्यातल्या वंगणासारख्या पाण्यावर. आणि ते पाणी आपणहून पुरेसं आत शिरत नाही. पाय टेकला की कूर्चा दबते, आतलं पाणी बाहेर येतं. पाय उचलला की ती पुन्हा फुगते आणि ताजं पाणी ओढून घेते. ओलं फडकं पिळून परत बादलीत सोडावं तसं. दर पावलाला हे होतं, आणि त्याच पाण्यातून पेशींना साखर, प्राणवायू मिळतो. दाब पडला की पेशींनाही नवा माल तयार करायची सूचना जाते.

दाबच पडला नाही तर काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. घोट्याचं हाड मोडल्यामुळे सात आठवडे पायावर पूर्ण भार न दिलेल्या २० जणांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढला, तेव्हा गुडघ्याला काहीही लागलेलं नसताना तिथली कूर्चा पातळ झालेली दिसली. हा अभ्यास २००४ सालचा. मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांमध्ये तर हे आणखी ठळक दिसतं. टोरांटोचे हाडांचे डॉक्टर रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर प्रयोग केले होते. कूर्चेला छोटी भोकं पाडून काही सशांचे पाय प्लास्टरमध्ये ठेवले, काहींचे यंत्राने सतत हलते ठेवले. हलत्या गुडघ्यांतली भोकं जास्त चांगली भरली. तोवर दुखऱ्या सांध्याला सक्तीची विश्रांती हाच रिवाज होता.

अर्थात दाबाचंही प्रमाण आहे. एकदम जोराचा आघात, वाकड्या पायावर पडलेला भार, फाटलेल्या गादीवर मारलेल्या उड्या, यांनी कूर्चेचं नुकसानच होतं. कबड्डीत लिगामेंट तुटलेल्या पोराचा गुडघा पन्नाशीआधीच म्हातारा झालेला मी पाहिला आहे.

म्हणजे व्यायामाने गेलेली कूर्चा परत येते?

नाही. मोठ्या माणसात भोकं पडलेली, हाडापर्यंत उघडी झालेली कूर्चा कोणत्याही व्यायामाने पहिल्यासारखी भरून येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं की एकदा नष्ट झालेली कूर्चा दुरुस्त होत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही त्यात मोठा फरक पडलेला नाही. ‘तीन महिन्यांत गॅप भरून काढा’ अशा व्हिडिओंखाली लाखो लाइक्स असतात, ते बघून माझा रक्तदाब वाढतो.

शिल्लक कूर्चेचा कस मात्र सुधारू शकतो. स्वीडनमध्ये एवा रूस आणि लाइफ डालबर्ग यांनी गादीचा तुकडा काढलेल्या ४५ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांनी चार महिने देखरेखीखाली व्यायाम केला. खास एमआरआयमध्ये त्यांच्या कूर्चेतले पाणी धरणारे रेणू वाढलेले दिसले. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. ही माणसं ३५ ते ५० वयाची होती, आजाराच्या उंबरठ्यावरची. सत्तरीतल्या चौथ्या ग्रेडच्या, म्हणजे एक्सरेत सगळ्यांत जास्त बिघडलेल्या, गुडघ्याला हाच निकाल लावता येणार नाही.

कूर्चा येत नाही, तर दुखणं कसं कमी होतं?

या प्रश्नापाशी मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण इथे पटलं तरच माणूस व्यायाम करतो.

गुडघा दुखला की मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, आपोआप सैल पडतो. सांध्यात थोडं पाणी साठलं तरी मेंदू त्या स्नायूचा वापर कमी करतो. वापर कमी म्हणून स्नायू बारीक. स्नायू बारीक म्हणून पाऊल टेकताना बसणारा धक्का तो झेलत नाही, थेट सांध्यावर येतो. मग अजून दुखतं, माणूस अजून कमी चालतो, वजन वाढतं. हे चक्र जिथून हाताने पकडता येतं ती जागा म्हणजे स्नायू. कूर्चा वाढवता येत नाही, मांडी वाढवता येते, आणि सत्तरीतही येते.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या जाणिवेची. महिनोन्महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था चिडखोर होते, साध्या हालचालीलाही ‘दुखलं’ म्हणून ओरडते. नियमित, न घाबरता केलेल्या हालचालीने ती हळूहळू शांत होते. तिसरी, भीती. जिना बघूनच ज्याचा पाय कचरतो, त्याने दोन महिन्यांत चार पायऱ्या चढून बघितल्या की निम्मं काम होतं.

फरक किती पडतो, तेही सांगतो. अमेरिकेत १९९७ साली साठीपुढच्या ४३९ जणांची दीड वर्षाची चाचणी प्रसिद्ध झाली. चालणाऱ्या आणि वजनं उचलणाऱ्या दोन्ही गटांत, फक्त आरोग्यशिक्षण घेतलेल्यांपेक्षा दुखणं कमी झालं आणि हिंडणंफिरणं सुधारलं. पुढे झालेल्या शंभराहून अधिक चाचण्या एकत्र केल्या तर सुधारणा शंभराच्या मापावर साधारण दहा गुणांची दिसते. चमत्कार नाही. पण वेदनाशामक गोळ्यांसारखं पोट आणि किडनी न बिघडवता मिळणारे हे दहा गुण आहेत.

माझा ग्रेड ३ आहे. व्यायामाचा काही उपयोग होईल का?

होईल. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली ही ० ते ४ ची प्रतवारी केली, ती एक्सरेची. दुखण्याची नाही. ग्रेड ४ घेऊन बाजारहाट करणारे आजोबा असतात आणि ग्रेड १ मध्ये रडकुंडीला आलेल्या ताई असतात. एक्सरे बघून मी व्यायाम ठरवत नाही. खुर्चीवरून कसं उठता ते बघून ठरवतो.

दुखत असताना व्यायाम करायचा का?

थोडं दुखत असेल तर हो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो, त्यातला नियम मला सोयीचा वाटतो. दुखण्याला ० ते १० गुण द्या. व्यायाम करताना पाचपर्यंत गेलं तर चालेल, पण २४ तासांत ते मूळच्या पातळीवर परत आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा दुखणं तसंच वर राहिलं, तर तुम्ही जास्त केलंत. बंद करू नका, वेळा निम्म्या करा.

पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेकांचं थोडं वाढतंच. मांडी दुखते आणि लोकांना वाटतं गुडघा बिघडला. बोट ठेवून सांगा म्हटलं की बोट मांडीवर जातं.

नेमके कोणते व्यायाम?

सगळ्यांत चांगला व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. हात छातीशी घेऊन उठायचं, आणि बसताना धप्पकन न पडता हळू बसायचं. बसतानाची ती संथ उतरण हीच खरी कमाई. दहा वेळा जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा, उंची वाढली की सोपं जातं. जमायला लागलं की उशी काढा, मग हातात पाण्याची बाटली धरा. अवघड होत जाणं महत्त्वाचं आहे. सहा महिने तेच दहा उठणं म्हणजे आरती झाली, व्यायाम नाही.

ज्यांना तेही जमत नाही त्यांनी झोपून सुरुवात करावी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, पाय दुमडून कंबर वर उचलणं. कंबरेची बाजू आणि पार्श्वभाग विसरू नका. चालताना गुडघा आत वळतो तो बऱ्याचदा तिथल्या अशक्तपणामुळे. याला जोड चालण्याची किंवा सायकलची. पाण्यात चालायची सोय असेल तर जाड माणसांना फार बरं पडतं.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, रोज नकोत. चालणं रोज चालेल. खूप जड वजनं उचलली तर जास्त फायदा का? २०२१ साली ३७७ जणांवर हे तपासलं गेलं: दीड वर्षाने जड आणि हलक्या वजनांच्या गटांत दुखण्याचा फरक पडला नाही. त्यामुळे जिमची फी भरायलाच हवी असं नाही. २०१६ च्या एका चाचणीत चिनी ताई-ची हा संथ व्यायामप्रकार फिजिओथेरपीच्या बरोबरीचा ठरला होता. तुम्हाला जे करवतं, तेच करा.

मी दिवसभर घरात राबते. वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका खरंच राबत असतात, त्यामुळे उत्तर जपून देतो. घरकामाने थकवा येतो, ताकद वाढेलच असं नाही. ओट्याशी दोन तास उभं राहिलात तर गुडघ्यावर सलग दाब राहतो, दाब-सैल-दाब हे होतच नाही. भांडी, पोळ्या, झाडू यात मांडीच्या स्नायूला त्याच्या कुवतीइतकं काम कधी पडत नाही. म्हणून पंधरा मिनिटं वेगळी हवीत. ती कामातून वजा करून मिळाली पाहिजेत, झोपेतून नव्हे. हे घरातल्या इतरांसाठी लिहिलं आहे.

मांडी घालून आणि उकिडवं बसणं कायमचं बंद करायचं का?

दुखणं जोरात असेल तेव्हा बंद. एरवी सरसकट नाही. बीजिंगमध्ये साठीपुढच्या लोकांना विचारलं गेलं की पंचविशीत तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसत होता. तीन तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा हा आजार जवळपास दुप्पट दिसला. शेतात खुरपणी, लावणी करणाऱ्यांना हे लागू पडावं. त्यांनी अधूनमधून उठून उभं राहावं, जमेल तिथे छोटं स्टूल घ्यावं. पण जेवायला दहा मिनिटं मांडी घातली तर काही बिघडत नाही. गुडघा पूर्ण वाकवणं सोडलं की हळूहळू त्याचं वाकणंच कमी होत जातं. कमोड जरूर बसवा, त्यात कमीपणा नाही.

जिने, गड, वारी?

बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच मोजयंत्र बसवून २०१० साली भार मोजला. सपाटीवर चालताना वजनाच्या अडीचपट, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त, उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. म्हणून सिंहगडावरून उतरतानाच गुडघे बोलतात. काठी घ्या, ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखऱ्या बाजूलाच काठी धरलेली माणसं मला रस्त्यात दिसतात आणि थांबवून सांगावंसं वाटतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

वारीला जाऊ नका असं मी कुणाला म्हणत नाही, म्हटलं तरी ऐकत नाहीत. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात जातं आणि दिवे घाट सुरुवातीलाच येतो. चैत्रापासून चालायला लागा, दर आठवड्याला थोडं अंतर वाढवा. पालखी निघायच्या आठ दिवस आधी बूट घेणाऱ्यांचं काय होतं ते वाटेतल्या वैद्यकीय तंबूंत बघायला मिळतं, आणि बूट नवेकोरे घालून तर निघूच नका.

पळण्याने गुडघे जातात ना?

हौसेने पळणाऱ्यांचे नाही. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. हौशी धावपटूंमध्ये खुब्याचा किंवा गुडघ्याचा आजार ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. यात एक गोम आहे: ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं सोडून देतात, त्यामुळे पळणारे जरा जास्तच निरोगी दिसतात. तरीही ‘पळालास की गुडघे गेले’ हे वाक्य यातून निघत नाही. आजार आधीच असेल तर आधी चालणं आणि ताकद, पळायचं नंतर बघू.

वजनाचा किती संबंध?

फार. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं २००५ च्या मोजणीत दिसलं. दिवसाची पावलं मोजा आणि गुणाकार करून बघा. ४५४ जाड व्यक्तींच्या एका चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं दीड वर्षात सरासरी दहा-साडेदहा किलो उतरलं आणि दुखणं निम्म्याच्या आसपास आलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. तेव्हा चालून आल्यावर वडापाव नको.

गुडघ्यातून कटकट आवाज येतो.

येऊ द्या. दुखत नसेल, सूज नसेल तर त्याला अर्थ नाही.

सूर्यनमस्कार, वज्रासन चालेल?

सूर्यनमस्कार जमत असतील तर सावकाश करा, गुडघा टेकतो तिथे घडी ठेवा. वज्रासन दुखऱ्या गुडघ्याला हट्टाने करू नका. ज्यांचं वाकतंच कमी, त्यांनी टाच आणि मांडीमध्ये उशी घ्यावी.

तेल, नी कॅप, डिंकाचे लाडू, गोळ्या, इंजेक्शन?

तेल चोळल्याने बरं वाटतं, कुणी आपुलकीने चोळून दिलं तर जास्तच. सांध्याच्या आत ते पोचत नाही. नी कॅप बाहेर जाताना घाला, दिवसभर नको. डिंकाचे लाडू चवीला खा, वजनाचं उत्तर आठवून. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या अमेरिकेत १,५८३ जणांवर तपासल्या, २००६ साली निकाल आला: एकूण गटात दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. १५६ जणांच्या २०२० च्या तुलनेत वर्षअखेर फिजिओथेरपी केलेले इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे होते. माझा धंदा तोच असल्याने मी हे सांगणारच, पण आकडे माझे नाहीत.

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करून घेतला तर?

झिजेसाठी नको. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० जणांपैकी काहींना नुसत्या चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी ते खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकेच बरे होते.

सांधा बदलायचं ठरलंच आहे. आता व्यायाम कशाला?

ऑपरेशनमध्ये धातू बसवतात, मांडीचा स्नायू तुमचाच राहतो. तो आधीच तयार असेल तर नंतर वॉकर लवकर सुटतो. आणि ज्यांची रात्रीची झोप गेली आहे, पाय कमानीसारखा वाकला आहे, व्यायाम मनापासून करूनही भागत नाही, त्यांनी ऑपरेशन उगाच पुढे ढकलू नये.

व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे कधी?

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी. पडल्यावर पायावर उभंच राहवत नसेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल, तेव्हाही. विनाकारण वजन घटत असेल आणि रात्री झोपेतही दुखत असेल तर एक्सरे काढून घ्यावा. छातीत दुखणं, धाप लागणं असेल तर गुडघ्याआधी हृदय तपासा.

किती दिवसांत फरक दिसेल?

सहा ते आठ आठवडे धरा. सोडलात की हळूहळू मूळपदावर. औषधाचा कोर्स संपतो तसा हा संपत नाही.

आई ऐकतच नाही. ‘आता या वयात कसले व्यायाम’ म्हणते.

व्यायाम हा शब्दच काढू नका. चहा दिवसातून दोनदा होतो ना? कप हातात द्यायच्या आधी खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा, तुम्हीही सोबत उठा. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका काकूंनी गेल्या पावसाळ्यात दूध दोनदा उतू घातलं, टाचा मोजायच्या नादात. या वर्षी त्या पहिल्या मजल्यावरच्या बहिणीकडे हळदीकुंकवाला जाऊन आल्या, कठडा न धरता.